वाजली का मिरची

११ फेब्रुवारी

प्रिय म्हातारीस आशीर्वाद,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. जायचं ते माणूस गेल्या पावसाळ्यात गेलं, आता या घरात मरण्याजोगा मी एकटाच उरलोय आणि मी तर पत्र लिहितोय. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. तूही खुशाल असशील. तुझ्या लॅबमधला तो खडूस साहेब अजून छळतो का? छळत असेल तर बरंच आहे, तुला कुणीतरी वचकात ठेवायलाच हवं. चालायला लागल्यापासून कमरेवर हात ठेवून अख्ख्या घराला शिकवत आलीस, म्हणून तर आईने तुला म्हातारी म्हणायला सुरुवात केली. आता तुझे केस पिकायला लागले तरी मला दुसरं नाव सुचत नाही.

पत्र अशासाठी की फोनचं काही खरं नाही. इतकं भांडण होऊनही तू रविवारचा फोन चुकवला नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. पण मी फोन उचलला की आतून नुसती कुजबुज येते, कुणीतरी पांघरुणात तोंड घालून बोलल्यासारखी. मग मी आपलं "हो हो, बरं बरं, ठेव" म्हणून ठेवून देतो. परवा तू काहीतरी विचारलंस आणि मी ठासून "हो" म्हणालो. कशाला म्हणालो, देव जाणे. घर विकायला नाही ना? दुकानदाराने फोन उघडून बघितला आणि म्हणाला, यात काही बिघाड नाही. त्याला काय कळतंय. तेव्हा यापुढे लिहीतच जा. अक्षर जरा मोठं काढ.

मिरची यंदा चांगली उतरली. तोडणी झाली, ढीग घालून रंगही एकसारखा आला. आता वाळवणीचे दिवस, आणि या दिवसांत आपल्या गल्लीत प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. न्हाव्याने मिरची गच्चीवर चढवली आहे, कारण त्याच्या शेळ्यांना तेवढा एकच जिना चढता येत नाही. पण त्याच्या बायकोलाही तो चढता येत नाही, त्यामुळे ढग दिसला की हा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून वर पळतो. काल मी स्वतः एका गालाने बसून होतो. मास्तरांची मिरची डांबरी रस्त्यावर. डांबर तापतं, फुकटची भट्टी आहे, असं म्हणतात, आणि दिवसभर काठी घेऊन मालट्रकांच्या अंगावर ओरडतात. शाळेतली हौस भागत नाही त्यांची. शेजारच्या शिंपिणीची मिरची तिच्या परसात ताडपत्रीवर. ताडपत्रीला खालून घाम सुटतो, मी तिला दरवर्षी सांगतो. पण शिलाईच्या मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून तेवढाच तुकडा दिसतो, म्हणून ती तिथेच पसरते.

तुझ्या लॅबमध्ये तुम्ही लोक उत्तम पद्धत कोणती त्याचे तक्ते करता. अगं, उत्तम कोणती ते आम्हालाही कळतं. पण ज्याला जिथे बसून नजर ठेवता येते, तिथेच त्याची मिरची पसरते. तू सुचवलेलं ते मिरची वाळवायचं प्लॅस्टिकचं खुराडं सोसायटीने शेवटी उभारलं हो. आत म्हणे धूळ नाही, दव नाही, पाऊस नाही. आणि माणूसही नाही! किल्ली सचिवाच्या कमरेला, त्यात पाळ्या लावायच्या, आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळली तर भांडणं. सध्या त्यात सचिवाची बायको कपडे वाळत घालते. छान वाळतात म्हणे.

आपली मिरची नेहमीसारखी अंगणातल्या फरशीवर आहे. मी सकाळी पसरतो, दुपारी दाताळ्याने पालटतो, संध्याकाळी झाकतो. आई होती तेव्हा झाकायला दुसरं टोक धरायला माणूस होतं. आता एका टोकावर दगड ठेवतो आणि पळत दुसऱ्या टोकाला जातो. पळत म्हणजे आपलं म्हणायचं.

शेवटचा शब्द मात्र अजून माझ्या कानाचाच. लोक ओंजळीत चार मिरच्या घेऊन येतात, मी एकेक कानाशी धरून हलवतो. आत बी सुटून खुळखुळलं की वाजली. वाजली की भरा गोणीत. नाही वाजली तर अजून उन्हं दाखवा. देठ मोडून बघणारे, नखाने दाबून बघणारे आहेत, पण ज्याला कान आहे त्याने देठ कशाला मोडावा? तुझ्या आजोबांनी मला हा कान दिला आणि आजवर या कानाने सांगितलेली एकही गोण आत ओल राहून तापलेली नाही. हे मी तुला त्या दिवशीही सांगत होतो. असो. तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो, निघालाच.

एक गंमत सांगतो. यंदा लोक मिरची माझ्या हातात देतात आणि बघतात भलतीकडेच. माझ्या समोर, स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे तुझी आई उभी राहायची तिथे. मग दचकून पुन्हा माझ्याकडे वळतात. चांगली होती ना ती, लोकांना आठवण येते.

शिंपिणीची मिरची कालच ऐकली. वाजली. मी सांगितलं, भरून टाका. ती जरा घुटमळली, काहीतरी पुटपुटली, पण मी म्हणालो, अहो वाजली म्हणजे वाजली. यंदा तिची सगळी भिस्त तेवढ्या तुकड्यावर आहे गं. सुईत दोरा ओवायला आता दुसऱ्याचे डोळे लागतात, कपडे कुणी शिवायला देत नाही. मिरची नीट गेली तर ती इथे राहील, नाहीतर भाऊ कधीचा बोलावतोय. भावजयीच्या राज्यात जाऊन भांडी घासण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ती म्हणते. तशी वेळ येणार नाही. मी ऐकली आहे तिची मिरची.

जेवणाचं विचारू नकोस. रोज काहीतरी करपतं आणि मी ते खातो.

तुझा, कानाचा पक्का,
बाप


२ मार्च

प्रिय म्हातारीस आशीर्वाद,

तुझं पत्र आलं. अक्षर मोठं काढलंस, पण इतकंही नको होतं, पोस्टमनला वाटलं कसली नोटीसच आली. "बाबा, एकट्याने ठरवू नका, दुसऱ्या कुणालातरी ऐकवून घ्या, आणि देठ मोडून बघत जा." एवढ्या वाक्यासाठी पानभर जागा? तुझा शहाणपणा कानामागे टाकण्याचा माझा विचार नव्हता, पण पत्र पोचेपर्यंत इकडे रामायण होऊन गेलं.

शिंपीण आली होती. आपल्याला वाईट काही लिहायचं नाही कुणाबद्दल, पण बाईने ताळतंत्र सोडलं हे खरं. मी अंगणात मिरची पालटत होतो. फाटकापासूनच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झालेला दिसला. हात असे करते, तसे करते, पदर खोचलेला. मला वाटलं, मिरचीला चांगला भाव लागला, आनंदाने आलीय. मी म्हणालो, "या या, बसा, चहा टाकतो." तिचं आपलं सुरूच. मग मी म्हणालो, "अहो, आभार कसले त्यात, शेजारी आहोत."

त्यावर ती थांबली. तोंड उघडंच राहिलं तिचं. मग तिने माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच धोतर सुटल्यासारखं झालं. शिव्या देणारं माणूस मध्येच थांबलं की फार वाईट दिसतं. हो, शिव्याच होत्या म्हणे त्या. नंतर न्हाव्याकडून कळलं.

तर तिने कमरेच्या पिशवीतून तो कापडावर खुणा करायचा चपटा खडू काढला आणि आपल्या पायरीवर लिहिलं, "बुरशी." मी म्हणालो, "कशाला?" तिने वरच्या पायरीवर लिहिलं, "सगळ्या गोणी." मी म्हणालो, पाणी गेलं असेल, घराचं छप्पर बघून घ्या. तिने तिसऱ्या पायरीवर लिहिलं, "वाजत नव्हती. तुम्ही म्हणालात म्हणून भरली." आणि मग दारात येऊन उंबऱ्याच्या लाकडावर लिहिलं, "वहिनी मान हलवायच्या."

आणि चालती झाली. चहा उतू गेला होता. राहिलेला मी प्यायलो आणि पायऱ्या धुऊन काढल्या. उंबऱ्यावरचा खडू लाकडात बसलाय, निघत नाही.

आता तूच सांग. काय बोलणं झालं हे? म्हणे तुझी आई मान हलवायची. म्हणे मी मिरची कानाशी धरायचो आणि समोरून ती मानेने सांगायची, आणि मग मी आपला मोठ्याने जाहीर करायचो. न्हावी म्हणतो, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कितीतरी वर्षं. लोक माझ्या हातात मिरची द्यायचे आणि उत्तर तिच्याकडून घ्यायचे. आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही कुणी! हा न्हावी, दर आठवड्याला माझ्या नरड्यावर वस्तरा धरतो, तोही बोलला नाही. मी त्याला म्हणालो, तू खोटारडा आहेस. तो हसला. काहीतरी म्हणाला. पाठ होती त्याची, मला दिसलं नाही.

अगं, तुझ्या आईला मान हलवायची सवयच होती. भाजी निवडताना हलवायची, हिशेब करताना हलवायची, तू पाढे चुकलीस की हलवायची. तिची मान हलली म्हणून मिरची वाळली असं कसं होईल? तिला काय दुसरी कामं नव्हती? मी मिरची हलवायचो तेव्हा ती समोर असायची, हे कबूल. मी तिच्याकडे बघायचो, हेही कबूल. बायकोकडे बघायचं नाही तर कुणाकडे बघायचं? यंदा मिरची हातात घेतली की ते स्वयंपाकघराचं दार रिकामं दिसतं आणि मला काही सुचत नाही, हे मात्र खरं आहे. पण सुचत नाही आणि ऐकू येत नाही, यात फरक आहे.

शिंपिणीने सगळी मिरची गावाबाहेर नेऊन पुरली. जाळायची सोय नसते, ठसक्याने अख्खं गाव रस्त्यावर आलं असतं. एकटीने खड्डा खणला. मी मदतीला जाणार होतो. गेलो नाही. आज सकाळी तिच्या दारात तिचा भाऊ दिसला, सामान किती होईल ते बघत असावा.

आपली मिरची अंगणात तयार आहे. कधीचीच तयार आहे. उद्या भरतो. परवापासून उद्या उद्या करतोय, कारण खरं सांगू का, काल सकाळी वाजली, दुपारी वाजली, आणि मग जेवायला बसलो तर पानावरही वाजली. हल्ली ती न हलवताही वाजते. हातात नसतानाही वाजते. बिछान्यात पडलो की डोक्यात कुणीतरी वाळलेल्या मिरच्यांची परडी घेऊन हलवत बसल्यासारखं होतं. उन्हाचा त्रास असेल. म्हातारपणी उष्णता कुठेही चढते.

ऊन म्हणशील तर यंदा कमाल आहे. सकाळी बघितलं तेव्हा आभाळात एक पांढरी चिंधी नव्हती. बाहेर नजर टिकत नाही म्हणून मी आतल्या खोलीत तुझ्या जुन्या टेबलाशी बसलोय, दाराकडे पाठ करून. इथून बरं लिहिता येतं. आता जरा गार वाटायला लागलंय, पाठीमागून छान वारा येतोय. बरं झालं, सकाळपासून जीव कासावीस झाला होता. फक्त कागद दमट लागतोय आणि शाई पसरते आहे, समजून घे.

तू लिहिलंस की सुट्टी काढून येऊ का. कशाला? तुला काय वाटलं, मला उचलून ठेवावं लागतंय? मी मजेत आहे. इथे कसली गडबड नाही, इतकी शांतता आहे की विचारू नकोस. पत्र पुरं करतो आणि मिरची झाकायला उठतो.

तुझा,
बाप


६ मार्च

म्हातारे,

ते पत्र मी तुला लिहीत होतो तेव्हा माझ्या पाठीमागे पाऊस पडत होता.

अवेळचा. दोन उन्हांच्या मधला. पण असा पडला म्हणे, की पत्र्यांवर दगड पडल्यासारखा आवाज होता. गडगडत होतं. न्हावी गच्चीवरून माझ्या नावाने ओरडत होता, मास्तर रस्त्यावरून ओरडत होते. मी तुला लिहीत होतो की इथे फार शांतता आहे.

सही करून उठलो, वळलो, तर दारातून अंगण दिसलं. पाणीच पाणी, आणि त्यात लाल मिरची तरंगत फाटकाकडे चाललेली. अंगणात माणसं होती. सगळी गल्ली होती. कुणी सुपाने, कुणी घमेल्याने, मास्तर तर धोतरात, जमेल तशी मिरची उचलत होते. सगळ्यांची तोंडं उघडी होती, म्हणजे मला हाका मारत होते. एकही हाक माझ्यापर्यंत आली नाही. माझ्या कानात आपली ती परडी तेवढी खुळखुळत होती, कोरडी ठणठणीत. आणि सगळ्यांच्या पुढे शिंपीण होती. तिने फरशीच्या उंच कोपऱ्यातली, अजून न भिजलेली मिरची दोन गोणींत भरली होती आणि तिचा भाऊ ती डोक्यावर घेऊन तुझ्या त्या खुराड्याकडे पळत होता.

मी दारातच उभा राहिलो गं. एक मिरची उचलली नाही. लाज वाटली, बाकी काही नाही. माझी मिरची ती बाई वाचवत होती, जिची मी पुरायला लावली.

नंतर मी तिला म्हणालो, तुम्ही कशाला आलात? खडू भिजला होता, लिहिता येईना. मग ती माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलली, आणि मला ते वाचता आलं. "हाका मारून कंटाळलो, दादा." एवढंच. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उरलेली सगळी गेली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून मी ती पसरली, तर देठापाशी काळं धरायला लागलं आणि कुबट वास सुटला. नाक अजून चांगलं आहे माझं. शिंपिणीने खणला होता त्याच्याच शेजारी मी खड्डा घेतला. ती आली नाही आणि मीही बोलावलं नाही. काम झाल्यावर मी तिथे बसून राहिलो आणि मग मला रडू आलं. किती मोठ्याने रडलो ते मला ठाऊक नाही. बांधावरून जाणारे लोक वळून बघत होते, म्हणजे मोठ्यानेच असणार.

आईचं खरं आहे. मी कितीदा तरी आठवून बघितलं. मिरची कानाशी धरायची, हलवायची, डोळे तिच्याकडे. तिच्या हातात रिकामी गोण असली आणि मान खाली गेली की मी म्हणायचो, वाजली. मान आडवी गेली की म्हणायचो, अजून दोन उन्हं. आणि शपथेवर सांगतो, म्हातारे, मी नाटक करत नव्हतो. मला खरंच वाटायचं की मी ऐकतोय. तिची मान हलली की मला आवाज यायचा. तू मान ना मान, यायचा.

तिला माहीत होतं आणि ती एका शब्दाने बोलली नाही. आधी वाटलं, किती जपलं तिने मला. आता रोज सकाळी उठलो की तिचा राग येतो. माझं नाक तेवढं सांभाळलंस बाई, आणि जाताना कान घेऊन गेलीस. एकदा तरी सांगायचं होतंस. मी चिडलो असतो, ताट फेकलं असतं, महिनाभर बोललो नसतो. पण मग देठ मोडायला शिकलो असतो, आणि शिंपिणीची मिरची आज गोणीत असती. हे मी कुणाला सांगू? तिला सांगून उपयोग नाही, आणि गल्लीतले लोक मी बोलायला लागलो की नुसत्या माना डोलावतात.

तू एकटी बोललीस. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते, तू या टेबलाशी उभी होतीस, आणि माझ्या तोंडासमोर येऊन म्हणालीस, "बाबा, तुम्ही बहिरे झालात." तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. पुढे मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. तुझी बॅग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, फाटकाबाहेर पडलेली, एक चेन उघडी.

आता कामाचं.

त्या दोन गोणी खुराड्यात पसरल्या आहेत. मी रोज जातो. आत गेलं की तोंडावर भट्टीची झळ येते, पण मिरचीचा रंग उडालेला नाही, एकीलाही डाग नाही. तुझं ते खुराडं बरं आहे. कपडे मी काढायला लावले. ही मिरची शिंपिणीची, असं मी सचिवाला सांगितलं आहे. ती नको म्हणाली. मी तिला म्हणालो, बाई, मला ऐकू येत नाही, तुमचं नको मला पोचलंच नाही. पहिल्यांदा हसली. एवढ्याने तिचं नुकसान भरून येत नाही, पण पुढच्या हंगामाचं बियाणं होईल, काही महिने निघतील. भाऊ सामान बांधायचा थांबला आहे. मिरची नीट वाळून टिकली तर तो एकटा परत जाईल, नाही टिकली तर तिला घेऊन जाईल. तिने गोणी शिवायला दाभण आणि सुतळी आणून ठेवली आहे आणि रोज माझ्याकडे बघते, शिवू का म्हणून.

सचिवाने त्याचं ते ओलावा मोजायचं यंत्र मिरचीत खुपसलं आणि आकडा दाखवला. मान खाली करून म्हणाला, वाळली. न्हावी आला, त्याने कानाशी हलवली आणि मान खाली केली. मास्तरांनी देठ मोडला, मान खाली केली. शिंपिणीनेही केली. चौघं माझ्यासमोर उभे, चौघांच्या माना खाली, आणि मला धडकीच भरली. त्यांना खरंच वाजली म्हणून त्यांनी मान हलवली, की या म्हाताऱ्याचं आता अजून काय वाईट करायचं म्हणून? मला कळायला मार्ग नाही. मी गोणी शिवू दिल्या नाहीत.

म्हणून या पाकिटात एक मिरची घातली आहे. मधल्या थरातली आहे, वरची चांगली दिसणारी उचललेली नाही. फोडू नकोस, लॅबच्या यंत्रात घालू नकोस. कानाशी धर आणि हलव.

पोस्टाच्या पिशवीत ती वाळेल नाहीतर दमट होईल, तुझ्या हातात पडेल ती इथली मिरची नसेल, हे मला कळतं. बहिरा झालोय, खुळा नाही. तरी हलव. वाजली तर वाजली लिही. नाही वाजली तर नाही लिही. बापाला बरं वाटावं म्हणून एक अक्षर लिहू नकोस. आणि यायचंच असेल तर ये, तुझी बॅग मी उचलीन, पण आधी ते लिही. तुझं अक्षर येईपर्यंत शिंपीण सुतळी ओवून बसणार आहे. मी तिला दोरा ओवून दिला आहे, डोळे माझे आहेत अजून.

फोन करू नकोस. तो वाजतो तेव्हा मला कळत नाही.

तुझा,
बहिरा बाप